जाळीपलीकडचा भाऊ

बाबांना माती देऊन आठवडा उलटल्यावर धाकटा भाऊ, म्हणजे मिशनवरचा फादर, एकदाचा उगवला. घरी भेटायला येणाऱ्यांना आशीर्वाद देण्यातून त्याला ताईसाठी सवड होईना. तो चर्चमध्ये जाळीआड बसून लोकांची कन्फेशनं, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला लागला, तेव्हा ताई तडक रांगेत जाऊन उभी राहिली. तिथून तरी त्याला उठून जाता येणार नव्हतं.

जाळीशी गुडघे टेकून ती म्हणाली, "फादर, माझ्या हातून पाप झालंय."

"ताई? अगं, घरी बोलू ना."

"घरी सापडतोस कुठे तू? गुपचूप ऐक. शेवटी शेवटी बाबा मलाच तू समजायला लागले होते. एका संध्याकाळी माझा हात धरून म्हणाले, फादर, माझं कन्फेशन घ्या. पोटच्या पोराला अहोजाहो करत होते रे!"

"मग इथल्या फादरांना बोलवायचं होतंस."

"बोलावलं होतं. बाबांनी त्यांना दारातून परत पाठवलं. म्हणाले, आमचा घरचा फादर आलाय. मग बसले मीच. त्यांनी सगळं सांगितलं, मी सगळं माफ केलं."

"ताई! तो अधिकार तुला नाही."

"तुला होता ना? मग कुठे मेला होतास?"

जाळीपलीकडून त्याचा लहानपणीचा रडवेला आवाज आला, "बाबा माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

ताई उठली. गुडघ्यांवरची धूळ तिने खसाखसा झटकली.

"कन्फेशनमधलं बाहेर सांगायचं नसतं, फादर."