खिडकीतून आलेली वायर

"आई, गाडी चार्जिंगला आहे तोवर मिक्सर लावू नकोस हं, फ्यूज उडेल," असं बजावून हेमंत ओटीवर आडवा झाला आणि लगेच घोरायलाही लागला.

पेट्रोलची गाडी होती तेव्हा बायकोला घेऊन पुण्याहून यायचा, जेवायचा आणि हातावरचं पाणी वाळायच्या आत निघायचा. आता परतीचा घाट चढायला बॅटरी पूर्ण भरलेली हवी, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून थांबावं लागत होतं.

सरलाताईंनी निमूटपणे पाट्यावर खोबरं वाटायला घेतलं. पण मन सारखं कपाटामागच्या, चार्जिंगच्या बटणाकडे धावत होतं. थोडा वेळ बंद ठेवलं, तर आज मुक्कामच करावा लागेल त्याला! शेवटी देवाला मनातल्या मनात हात जोडून त्या उठल्या.

बटण आधीच बंद होतं.

"मीच बंद केलंय, आई," मागून सून हळूच म्हणाली. "तिकडे गोळी घेतल्याशिवाय झोपच लागत नाही त्याला."

सरलाताईंनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

"म्हणजे मघापासून मिक्सर चालला असता की गं!" असं पुटपुटत त्या पुन्हा पाट्यापाशी बसल्या, आणि वरवंटा अगदी सावकाश, आवाज न करता ओढू लागल्या.