लाईन चांगली आहे

"तर मी काय म्हणत होतो, अम्मीचे शेक सोमवारपासून…" एवढं हमीदच्या तोंडून निघालं आणि कॉम्प्युटर पुन्हा अडकला.

पाळी सोहेलची होती. राणी भोकाच्या तोंडाशी, स्ट्रायकर रेघेवर, आणि पडद्यावरचा सगळा कॅरम जागच्या जागी थिजलेला. हेडफोनमधून "अब्बा… आवाज… तुटतोय…" एवढं आलं आणि पडद्यावर पाटी झळकली, संपर्क तुटला. हमीदने हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि शेजारी बसलेल्या अमृतकडे असं पाहिलं, जणू नेट त्यानेच खिशात घातलं होतं.

"बघ! आता तरी डोळ्यांनी बघितलंस ना?"

अमृत मळवलीचा, नेट कंपनीचा माणूस. गेल्या काही दिवसांत तो या घरी इतक्या वेळा आला होता, की चहात साखर किती हे हमीदच्या बायकोने, ताजुन्निसाने, त्याला विचारणं सोडून दिलं होतं. पहिल्यांदा खापर फुटलं ते माकडांवर. लोणावळ्यातली माकडं तशी कशालाच सोडत नाहीत. वायर खरंच कुरतडलेली निघाली. ती बदलली. मग ओलीवर संशय गेला, म्हणून राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीवरून खिडकीशी आला. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून मूठभर धूळ काढली, मेमरी वाढवली. दर वेळी हमीदला हायसं वाटायचं. संध्याकाळी बापलेकांचा डाव सुरू व्हायचा, क्रिकेटच्या गप्पा व्हायच्या, सोहेलच्या नव्या गाडीच्या व्हायच्या. तेव्हा सगळं कसं सुरळीत. शेकांचा विषय निघाला, की नेट गेलंच.

हे हमीदच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण पोटच्या पोराबद्दल तसलं काही मनात आणायचं म्हणजे जिवावर येतं. त्यापेक्षा माकडं बरी.

फोन का नाही करायचा, असं कुणीही विचारेल. पण या घरात अवघड गोष्टी कॅरमवरच बोलल्या जायच्या. बारावीत नापास झाल्याचं सोहेलने सांगितलं ते सोंगट्या लावता लावता. शहिस्ताशीच लग्न करणार, हेही त्याने राणी घेताना सांगून टाकलं होतं. दोघांच्या नजरा बोर्डवर असतात, कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सोहेल पुण्याला गेला तेव्हा त्यानेच बापाला कॉम्प्युटरवरचा कॅरम शिकवला. "अब्बा, रोज एक डाव," असं म्हणाला होता, आणि तेवढा शब्द त्याने पाळलाही होता.

मागायचं तरी काय होतं? डॉक्टरांनी ताजुन्निसाला कॅन्सरच्या गाठीवर रेडिएशनचे शेक सांगितले होते, रोज, दीड महिना, पुण्यात. रोजचं जाणं-येणं तिला झेपणार नाही, हेही बजावलं होतं. सोहेलचा फ्लॅट हॉस्पिटलच्या जवळच, त्यातली एक खोली रिकामी. त्याने फक्त 'आणून सोडा' म्हणायचं होतं. फोनवर तोंड उघडून हे मागणं हमीदला भीक मागितल्यासारखं वाटत होतं. कॅरमवर सहज निघून गेलं असतं.

अमृतने आपल्या मोबाईलवर लाईन तपासली. पुन्हा एकदा तपासली.

"चाचा, मघाशी माझ्यासंगं दोन डाव खेळलात. येकदा तरी तुटलं का?"

"नाही. पण…"

"लाईन चांगली हाय. हितं काय बी प्रॉब्लेम न्हाई." तो जरा अडखळला. "तिकडचं बघाय सांगा येकदा."

"तिकडचं?" हमीद हसलाच. "अरे, कॉम्प्युटरमधलीच नोकरी आहे त्याची. त्याच्या घरचं नेट जाईल? तुझ्याच कंपनीत काहीतरी गडबड आहे. ते काही नाही, उद्या नवी वायर टाक. खांबापासून थेट इथपर्यंत."

अमृतला काय समजायचं ते समजलं होतं. पण परक्याच्या घरात बसून असलं बोलणार कसं? तो मुकाट्याने पिशवी भरू लागला.

ताजुन्निसा चहाचा कप न्यायला आली होती, ती तिथेच थांबली.

"वायर नको टाकूस, अमृत. जा तू, बाळा. चांगली आहे लाईन."

हमीद भडकला. "तुला काय कळतं गं त्यातलं?"

ती अमृत जाईपर्यंत थांबली, मग त्याच्या खुर्चीवर टेकली. आजारपणाने ती इतकी वाळली होती, की खुर्ची भरल्यासारखी वाटतच नव्हती. ते बघून हमीदचा आवाज आपोआप खाली आला.

"अगं, नेट सुधारलं की एका मिनिटाचं काम आहे. तो नाही म्हणणार नाही."

"मी परवाच विचारलं त्याला," ताजुन्निसा म्हणाली. "तुम्ही दुकानात गेला होता. व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, शेक होईपर्यंत येऊ का तुझ्याकडे राहायला?"

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही, अडकला. तोंड अर्धवट उघडं, पापणीसुद्धा लवेना. मलाही आधी वाटलं, गेलं वाटतं आपलं नेट." तिने कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. "पण अहो, त्याच्या मागचा पंखा फिरत होता."