डोळा कायनं गेला

नीरजनं मोबाइलवर लेकीचा फोटो काढला आणि पाळण्याभोवती जमलेल्या बायांना दाखवला. बाया हसल्या. "पाहा वं माय, एक डोळा कसा मांजरीवानी चमकून राह्यला!"

उज्वलानं नवऱ्याच्या हातातून फोन ओढूनच घेतला. लेकीच्या डाव्या बुबुळात टिकलीएवढं पांढरं काहीतरी चकाकत होतं. तिनं पुन्हा फोटो काढायला लावला. पुन्हा तेच.

"ऑटो बोलवा," ती नीरजला म्हणाली. "वर्ध्याले जाऊ. आत्ताच्या आत्ता."

बारसं पवनारला, उज्वलाच्या माहेरी होतं. घुगऱ्या वाटायच्या होत्या, नाव ठेवायचं होतं. हिंगणघाटहून आलेली सासू, मंदाबाई, पाळण्याची दोरी धरून उभी होती.

"काऊन वं? नाव ठेवल्याबिगर लेकरू घराबाहेर? येडी झाली का?"

उज्वलाचे वडील दौलतराव पत्रावळी टाकून धावत आले. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उज्वलाचाही एक डोळा काचेचा. सोयरीक जुळवताना त्यांनीच सांगितलं होतं, माझा बैलाच्या शिंगानं गेला, पोरीचा विटी लागून. व्याह्यांना पटलं. माणूस वाईट नव्हता, पण अब्रूचं नाव निघालं की हातपाय गाळायचा.

"पावणे जाऊ दे माय," ते कानाशी पुटपुटले. "उद्या जाऊ."

"बाळंतपणात डॉक्टरीणबाईनं सांगतलं तवाबी तुमी असंच म्हणलं. बारसं होऊ दे म्हणे! घ्या, झालं बारसं!"

मंदाबाईंनी दोरी सोडली. "काय सांगतलं डॉक्टरनं?"

दौलतराव मान हलवून नको नको म्हणत होते. उज्वलाला बापाची दया आली, आणि दयेहून जास्त संताप आला. किती दिवस हे सोंग करायचं? आता काय लेकीलाही त्यात ओढायचं?

"आई, माहा डोळा विटीनं नाई गेला," ती सासूला म्हणाली. "मी विटीदांडू कधी खेळलीच नाई. डोळ्यात गाठ होती. जीव वाचवाले डोळा काढला. बाबाचाबी तसाच काढला. हे बीजातूनच येते. मायबापातल्या एकाकडून आलं तरी पुरते, दुसरा कितीबी धडधाकट असो. माह्या हरेक लेकराले रुपयात आठ आणे धोका हाय. पण गाठ लवकर सापडली तं जाळता येते, डोळा राह्यते. म्हणूनच डॉक्टरीणबाई म्हणे, लेकराचे डोळे लगेच तपासून घ्या."

मंदाबाई कडाडल्या. "म्हणजे फसवलं आमाले! काहो इवाई? रोगाची पोट्टी आमच्या गळ्यात बांधली?"

दौलतरावांनी मान खाली घातली.

"हो, फसवलं," उज्वला म्हणाली. "बाबा खोटं बोलले, मीबी गप राह्यली. मले नांदवाचं का नाई ते तुमी मंग ठरवा. भांडाले मी वापस येतोच. पोरीले मात्र आज न्याचं हाय."

मंदाबाई तोंड फिरवून ओट्यावर फतकल मारून बसल्या. नीरजनं आईकडं पाहिलं, हातातल्या फोटोकडं पाहिलं, आणि तो चपला शोधायला लागला.

ऑटो दारात आला तशी शेजारपाजारची माणसं बाहेर निघाली. उज्वला लेकीला घेऊन आत बसली. दौलतरावांनी ऑटोचा दांडा धरून ठेवला.

"हळू बोल वं माय. सारं गाव पाहून राह्यलं. तुह्या बहिणीचं लगन व्हाचं हाय अजून. कोणी इचारलं तं काय सांगू मी?"

"बाबा, तुमचा शिंगानं गेला. माहा विटीनं. हिचा कायनं गेला म्हणून सांगान?"

दौलतरावांचा दांड्यावरचा हात सुटला.

"लोकं काय म्हणतीन, उज्वला?"

तिनं लेकीच्या टोपड्याचा बंद बांधला.

"म्हणू द्या. जे म्हणतीन, त्याइची तोंडं माह्या पोरीले दोनी डोळ्यांनी दिसली पाह्यजे."