ललितची काठी

पुतण्या ललित तेवीसचा, मी बावन्नचा. एकाच मोटारसायकलवरून पडलो, एकाच दिवशी दोघांच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. चार महिने झाले, रोज सोबत फिरायला जातो, तरी हा पोरगा काठी टेकत माझ्याहून जास्त लंगडतो. केळीचे घड उचलायला नकोत म्हणून सोंग करतोय, मला खात्रीच होती.

आज अंगणातून ओरडलो, "ललित, तुन्ही गाडी कोनी ली ग्या!"

गाडी नेणाऱ्याला पकडायला तो काठी टाकून पळतच बाहेर आला.

"हाऊ दखा, चोर सापडना," त्याच्या धडधाकट पायाकडं बोट दाखवत मी म्हणालो.

त्यानं मान खाली घातली. "काका, मी नीट चालनू का माले गाठाले तुम्हीबी जोरमा पयाले लागतस. डॉक्टरनी माले सांगेल शे, तुमना वयमा घाई करी का परत ऑपरेशन."

मग काठी उचलून पुन्हा लंगडायला लागला. "चाला काका, धीरे धीरे."