बोट दाखवण्याचा कार्यक्रम

"आणि इथून पाणी शिरतं," शामकांत म्हणाले. फळी उचलून त्यांनी बोटीचं पोट मंदार आणि किमयाला उघडं करून दाखवलं. "थोडंच. पण शिरतं."

झालं! पोह्यांवर खोबरं पेरता पेरता प्रेमाने कपाळाला हात लावला. चार महिन्यांत बोट बघायला आलेलं हे आठवं गिऱ्हाईक. सिंगापुरातल्याच बुकित बातोक भागातून आलेलं, आयटीतलं, नवं लग्न झालेलं जोडपं. आधीची सातही गिऱ्हाइकं या फळीपाशीच गळाली होती.

पण सांगणार कुणाला! हा माणूस पस्तीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर होता. तिथली रीतच अशी, की आपल्या जागी येणाऱ्याला यंत्राचं एकूण एक दुखणं सांगायचं आणि त्याने ताबा घेतल्याशिवाय जहाजावरून उतरायचं नाही. स्वतःची बोट विकतानाही तेच चाललं होतं. आधी दुखणी सांगायची, आणि घेणारा मिळेपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. जहाजावर ते ठीक होतं हो. तिथे पुढचा माणूस कंपनी पाठवायची, त्याला पळून जायची सोय नसायची.

निवृत्त झाल्यावर शामकांतांनी ही बोट हौसेने घेतली होती. "जन्मभर तुला घरी ठेवून फिरलो, आता बरोबर नेतो," म्हणाले होते. नेलंही. लंकावी, फुकेत, तिओमान. एरवी मुक्काम इथेच, सिंगापूरच्या मरीनात, बोटींच्या तळावर. प्रेमाला त्या सगळ्यातलं आठवायचं एवढंच, की कुठेही गेलं तरी कपडे दमट आणि कुकर दोरीने बांधलेला. सहा वर्षं झाली. शिडी चढताना गुडघे कुरकुरायचे, तिने कधी कुरकुर केली नाही. गेल्या वर्षी शेजारच्या देशातल्या वणव्यांच्या धुराने आभाळ कोंदलं, तेव्हा खिडक्या लावून दोघं आठवडाभर आत उकडत बसली होती. त्यानंतरच कधीतरी शामकांत म्हणाले, "विकून टाकू." त्यांना वाईट वाटू नये म्हणून ती नुसतं "बरं" म्हणाली. मनात मात्र पेढे वाटले.

शहरात तोआ पायोहला फ्लॅटही भाड्याने घेऊन ठेवला होता. दर मंगळवारी प्रेमा मेट्रोने जाऊन तो रिकामा फ्लॅट झाडायची. झाडून झालं की फरशीवर दहा मिनिटं पाठ टेकायची. फरशी हलायची नाही. मग उठायची आणि परत बोटीवर यायची.

"काकू, तुम्ही सांगा ना," किमया म्हणाली. "काका तर घाबरवतायतच. तुम्हाला कसं वाटतं इथे?"

प्रेमाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

"अगं, स्वर्ग आहे स्वर्ग! सकाळी चहाचा कप घेऊन वर बसावं, पाणी नुसतं चमचमत असतं. घरात काय, जिकडे बघावं तिकडे भिंती. इथे झोप लागते ना, ती पाळण्यातल्या बाळाला लागते तशी. माझं ब्लडप्रेशर उतरलं इथे येऊन! यांनी विकायचं ठरवलं तेव्हा मला रडू फुटलं होतं. यांच्यासमोर आज पहिल्यांदाच बोलतेय. लेकीला सासरी पाठवल्यासारखं वाटतंय बघ."

आयुष्यात एवढं खोटं ती एका दमात कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. किमयाने मंदारकडे पाहिलं आणि मान हलवली.

"काका, घेतो आम्ही," मंदार म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

शामकांतांनी तो हातात घेतला नाही. ते चष्मा काढून पुसत बसले.

"माफ कर रे बाबा. विकायची नाही."

"अहो!" प्रेमा ओरडलीच.

"तुला जड जातंय असं वाटलं, म्हणून विकायला काढली होती गं," शामकांत म्हणाले. "मलाच विचारशील तर मीही दमलोय आता. वाकून वाकून कंबर गेली माझी. पण तुझा एवढा जीव आहे हिच्यावर, तर रेटू अजून पाच-सहा वर्षं."

मंदारचा हात तसाच पुढे होता. खरं सांगावं तर ही दोघं पळणार, न सांगावं तर बोट जन्माची गळ्यात. प्रेमाने नवऱ्याकडे पाहिलं. 'दमलोय' हा शब्द त्यांच्या तोंडून तिने अडतीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. तिला त्यांची फार दया आली, आणि स्वतःचीही.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं. सहा वर्षांत एक रात्र धड झोपले नाहीये मी इथे."

मंदारचा हात हळूच मागे गेला. "आम्ही विचार करून कळवतो, काका," तो म्हणाला. किमयाने मात्र उभ्या उभ्या पोहे संपवले, बशी प्रेमाच्या हातात दिली आणि तिचा हात क्षणभर घट्ट धरला. मग दोघं जेटीवरून निघून गेली.

शामकांत बाकावर टेकले. "हेही गेलं," ते म्हणाले. "तू आधी बोलायचंस ना गं."

"आणि तुम्ही?"

त्यांनी फळी परत जागेवर बसवली. "बघू. येईल कुणीतरी. तोवर काढू इथेच."

"बोट विकायची राहिली तर राहू दे," प्रेमा म्हणाली. "आपण उतरू."