तक्त्याची मागची बाजू

"घाई करू नकोस. त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू दे," मॅडम म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

विद्यार्थिनीने मान डोलावली. वाचा-उपचार शिकणाऱ्यांची हॉस्पिटलमधली ही शेवटची परीक्षा. पास झाली तर सोमवारपासून वॉर्डात एकटीने पेशंट बघायचे. नापास झाली तर पुन्हा सहा महिने वर्गात. सोबतच्या दोघी सकाळीच पास होऊन चहाला गेल्या होत्या.

मावशींनी पेशंटला आणून बसवलं.

"काकांची हजेरी आमच्यापेक्षा पक्की," त्या जाता जाता म्हणाल्या. काका ओठाच्या एकाच कोपऱ्याने हसले.

पक्षाघात, वाचा गेलेली, समजतं बऱ्यापैकी, गिळायला त्रास नाही. एवढंच तिला सांगितलं होतं. काकांचा उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"काका, काय हवंय तुम्हाला? सांगा सावकाश."

"ते..." काका म्हणाले. "ते... ते..."

डावा हात छातीवर गेला.

"उकडतंय का? वरचं बटण काढू?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

तिने चित्रांचा तक्ता समोर धरला. पाणी, जेवण, पंखा, संडास. माणसाच्या शरीराचं चित्र मागच्या बाजूला होतं. काकांनी डाव्या हाताने तक्त्याची कड पकडली आणि तो उलटवायला लागले.

"राहू द्या काका, पडेल. मी धरते ना." तिने तक्ता पुन्हा सरळ केला.

"छ..." काका म्हणाले. "छ..."

"छत्री? आहे हो बाहेर, मावशींकडे. कुणी नेत नाही तुमची छत्री."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तक्त्यावरचा हात काढून घेतला. तिने घड्याळाकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"पाणी हवंय?" तिने विचारलं.

काकांनी जरा वेळाने मान डोलावली. हो.

तिने ग्लास भरून दिला. काका थांबत थांबत सगळं पाणी प्यायले.

"बघा, जमलं की नाही आपल्याला?"

होकार आला की उलटा प्रश्न विचारायचा, हा वर्गातला पहिला धडा होता. दमलेला पेशंट कशालाही हो म्हणतो. तिला तो आठवला, पण तोवर ग्लास रिकामा झाला होता आणि वेळही संपली होती.

"येते हं, काका. काळजी घ्या." ती हसतच बाहेर गेली. दार लागलं.

काकांनी उजव्या हाताने चष्मा काढला आणि रुमालाने नीट पुसला.

"पोरगी मनाने चांगली आहे," ते म्हणाले.

"घाबरली होती." मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "काका, तुमचं सोंग इतकं हुबेहूब असतं की भलेभले गडबडतात. पुढच्या वेळी विचारेल ती उलटा प्रश्न. पास करावं म्हणते."

"सोंग कसलं? माझ्या बायकोने जे केलं तेच करतो. तिनेही तक्ता उलटवायला घेतला होता. मी शेजारीच बसलो होतो. छातीत दुखतंय एवढंच सांगायचं होतं तिला. पाणी मिळालं. संध्याकाळी गेली."

मॅडम पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हिला नापास करा, मॅडम. तेव्हा तुम्हाला कुणी केलं नाही."