आबांची पहिली पंगत

गावात मुहूर्त भटजी काढायचे, पण लग्नाची तारीख ठरायची पाणी सोडणाऱ्या वनाआबांना विचारूनच. कारण नळ आठवड्यातून एकदाच यायचा. लग्नाच्या दिवशी आबा लांबलचक चावी घेऊन व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी उभे असायचे, आणि मांडवातून ओरड यायची, "आबा, धार बारीक शे!" की ते चावी आणखी पिळून पाणी वाढवायचे. तीस वर्षांत ते एकाही पंगतीला बसले नव्हते. यंदा साक्री रोडला नवी टाकी झाली, पाणी रोज येऊ लागलं आणि आबांकडे कुणी फिरकेना. एका सकाळी शेजारचा कुंदन बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. आबांनी लगबगीनं पाण्याच्या पाळ्यांची डायरी उघडली. "कोनती तारीख?" "आबा, आते पानी रोजच येस," कुंदन हसला. "चावी घर ठेवा नि जेवाले या." पहिल्याच पंगतीत आबा बसले. वाढप्यानं बट्टीवर तूप सोडलं तसे ते मांडवभर गरजले, "भाऊ, धार बारीक शे!"